अंगकोर एका दिवसात: गाइडसकट, आईसकट, पितृपक्षात

गोदाकाठ

तिकिटं स्वस्त मिळाली कारण पावसाळा होता आणि वर पितृपक्ष. "पंधरवड्यात कुठे परदेशी निघालात?" मावशीने फोनवर दोनदा विचारलं. बाबांचं श्राद्ध पंचमीला नाशकात केलं आणि मी नि आई निघालो. आई ६८ची, गुडघे तिच्याच शब्दांत 'एक चालू, एक बंद'. क्वालालंपूरमार्गे कंबोडियातलं सिएम रीप, अंगकोरच्या देवळांशेजारचं गाव. दोन रात्री, म्हणजे हातात अख्खा दिवस एकच.

एक दिवसाचं तिकीट ३७ डॉलर. तीन दिवसांचं ६२ला मिळतं, त्यामुळे खिडकीपाशी जीव तुटतोच. आदल्या संध्याकाळी पाचनंतर काढलं तर दुसऱ्या दिवसाचं देतात, सकाळची रांग वाचते. तिथेच फोटो काढून तिकिटावर छापतात. आईला तो फोटो आवडला नाही. बदलून मिळत नाही.

परवाना असलेला, इंग्रजी बोलणारा गाइड दिवसाला ४० डॉलरला ठरवला, टुकटुक २०ला. पहाटे साडेचारला निघालो. अंगकोर वाट या तिथल्या मुख्य देवळाच्या तळ्याकाठी निदान चार-पाचशे माणसं मोबाइल वर धरून उभी आणि आकाश भरलेलं. सूर्य उगवल्याचं नुसतं घड्याळात कळलं. गाइड म्हणाला, "सगळे इथे उभे आहेत तोवर भिंती रिकाम्या असतात. चला." आमच्या पैशांपैकी निम्मे तरी तिथेच फिटले.

कारण खरं पाहायचं ते त्या भिंतींवर आहे. पाच शिखरं आपण आधीच हजार ठिकाणी पाहिलेली असतात. कंबोडियाच्या राष्ट्रध्वजावरही हेच देऊळ आहे. पण पहिल्या ओवरीत शिरलो आणि डाव्या हाताला कुरुक्षेत्र सुरू झालं. एका बाजूने कौरव, दुसऱ्या बाजूने पांडव, मधे नुसती कापाकापी. गाइड तोंड उघडणार एवढ्यात आई म्हणाली, "हा भीष्म." शरपंजरी पडलेला, भोवती माणसं. दगड काही ठिकाणी काळाभोर आणि शिसवी लाकडासारखा तुळतुळीत, वर्षानुवर्षं माणसांचे हात फिरलेले. आता हात लावू देत नाहीत. मग आईच पुढे आणि गाइड मागे. रथावर चार हातांचा सारथी दिसला तसं ती त्यालाच विचारायला लागली, "कोण सांगा बरं?"

कोपरा वळून दक्षिणेच्या ओवरीत आलो. इथे दुसऱ्या सूर्यवर्म्याची मिरवणूक आहे; बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात हे देऊळ त्यानेच बांधलं. राजावर छत्र्या किती, तेवढा त्याचा मान. आई मधेच थांबली. "अरे, आपण उलटे चाललोय."

खरंच उलटे. प्रदक्षिणेत देव उजव्या हाताला हवा, इथे गाभारा सतत डावीकडे. भिंतीवरच्या गोष्टी तशाच क्रमाने कोरल्यात, उलट फिरलं तरच लागतात. शिवाय देवळाचं तोंड पश्चिमेला. गाइड म्हणाला की बरेच अभ्यासक याला राजाचं समाधिमंदिर मानतात, म्हणून ही उलटी चाल. आईने मला मराठीत सांगितलं, "अपसव्य." तीनच दिवसांपूर्वी मी जानवं उजव्या खांद्यावर घेऊन बसलो होतो.

आणि पुढच्याच भिंतीवर यम. रेड्यावर बसलेला, हातच हात. पुढे चित्रगुप्त निवाडा करतोय. वर स्वर्गाकडे जाणारी माणसं पालख्यांतून निघालीत, खालच्यांना नाकात दोरी घालून ओढत नेतायत. स्वर्ग ३७ आणि नरक ३२. नरकांखाली नावं कोरलीत. अवीची, रौरव, वैतरणी. गाइडने एकेक वाचून दाखवलं आणि आई प्रत्येकाला मान डोलवत होती, ओळखीच्या गावांची नावं ऐकावीत तशी.

समुद्रमंथन पूर्वेला. ४९ मीटर लांबीचा एकच पट, ९२ असुर नि ८८ देव. आईने मोजायला घेतले आणि चाळिसाच्या आसपास सोडून दिले.

वरच्या मजल्यावर, ज्याला बाकान म्हणतात, तिथे जाता आलं नाही. एरवी एका वेळी शंभरेक माणसांना सोडतात, खांदे-गुडघे झाकलेले हवेत. त्या दिवशी बंद. बौद्धांचा शीलाचा दिवस, म्हणजे अष्टमी, पौर्णिमा, अमावास्या. मला हे आधी माहीत असायला हवं होतं. त्या उभ्या जिन्याकडे बघून आई म्हणाली, "माझ्या गुडघ्यांसाठी बंद ठेवलंय."

दुपारी बायोन आणि ता प्रोम ही दोन देवळं. बायोनच्या शिखरांवरचे दगडी चेहरे छान आहेत, पण मला त्याची बाहेरची भिंत जास्त भावली. तिथे देव नाहीत. कोंबड्यांची झुंज, मासळीबाजार, तराजू धरलेली बाई, बाळंतीण, शेजारच्या चाम लोकांशी होड्यांवरची लढाई आणि त्याच पाण्यात मगरी. ता प्रोमला भिंतींवर वाढलेल्या झाडांपुढे फोटोची रांग होती. पाऊस आला, परतलो.

फोटो चढवता येत नाहीयेत, कोणीतरी मदत करा.

---

निशिगंध

मस्त! आई फारच गोड. फोटो आधी दुसरीकडे चढवून इथे दुवा द्यावा लागतो. खाण्याचं काय केलंत? आम्ही पूर्ण शाकाहारी, कांदा-लसूण चालतो.

---

पाटीवरचा खडू

लेख आवडला, एक दुरुस्ती. देवळाला उलटी फेरी घालण्याला संस्कृतात 'प्रसव्य' हा नेमका शब्द आहे. अपसव्य आपण मुख्यतः जानव्याच्या संदर्भात वापरतो. आईंचा शब्द चुकीचा आहे असं नाही, भाव तोच.

आणि समाधिमंदिराचं प्रकरण वाटतं तितकं मिटलेलं नाही. पश्चिम ही विष्णूशी जोडलेली दिशा आहे आणि देऊळ विष्णूचं, एवढ्यानेही पश्चिमाभिमुख असण्याचा उलगडा होतो, असं म्हणणारे आहेत. मात्र राजाचं मरणोत्तर नाव 'परमविष्णुलोक' होतं आणि मिरवणुकीच्या पटात त्याच नावाने तो कोरला आहे. जिवंत राजाच्या मिरवणुकीवर मरणोत्तर नाव! म्हणजे निदान ती अक्षरं तरी तो गेल्यावरची.

---

गोदाकाठ

@निशिगंध, 'तम साच' म्हणजे मांस वर्ज्य. एवढं पाठ करून जा. पण पुरत नाही, कारण मासा त्यांच्या लेखी मांस नाही आणि प्रहोक (आंबवलेल्या माशांचा लगदा) कशातही असतो. गाइडने स्वयंपाकघरात शिरून सांगितलं तेव्हा नारळाच्या दुधातली भाजी नि भात मिळाला. आईकडे दशम्या होत्याच. एक दशमी टुकटुकवाल्याने खाल्ली आणि दुसरी मागितली.

आणखी एक, डॉलरच्या नोटा कोऱ्या न्या. कोपरा जरा फाटलेला असला तरी घेत नाहीत. सुटे रियालमध्ये परत देतात, साधारण ४,००० रियालला एक डॉलर.

@खडू, मरणोत्तर नावाचं माहीत नव्हतं. आईला सांगतो. प्रसव्यबद्दल सांगत नाही.

---

लमाण रस्ता

एका दिवसात अंगकोर म्हणजे एस्टीच्या खिडकीतून रायगड. रागावू नका.

पण तुमचं तरी बरं झालं म्हणायचं. आम्ही पुण्यातल्या एका टूर कंपनीबरोबर गेलो होतो. बेचाळीस माणसं, पुढे झेंडी. बायोनला वीस मिनिटं, त्यातली दहा मोजदाद करण्यात. मग रेशमाच्या दुकानात तब्बल सव्वा तास, कारण तिथे 'स्वच्छतागृह चांगलं आहे'. कार्यक्रमपत्रिकेत बांते स्राय हे देऊळ छापलेलं, प्रत्यक्षात 'रस्ता खराब आहे'. संध्याकाळी त्याच रस्त्याने दुसरा ग्रुप जाऊन आला होता. परत आल्यावर तक्रार केली तर पुढच्या सहलीवर सवलत देतो म्हणाले.

त्यामुळे स्वतःचा गाइड, लहान गाडी, आणि तीन देवळं म्हणजे तीनच. याबाबतीत तुम्हाला शंभर टक्के +१.

---

वेरूळकर

बांते स्राय चुकवलंत ना दोघांनी. फार चुकवलंत.

अंगकोर वाट बघून छाती दडपते, पण हात कोणाचा चालला ते बांते स्रायला कळतं. इ.स. ९६७, म्हणजे अंगकोर वाटच्या दीडेकशे वर्षं आधीचं. राजाने नव्हे, यज्ञवराह नावाच्या विद्वानाने बांधलं, जो पुढे पाचव्या जयवर्म्याचा गुरू. देऊळ इतकं लहान की गाभाऱ्याच्या दारातून वाकून जावं लागेल (आत सोडत नाहीत). दगड गुलाबी वालुकाश्म, आणि कोरीव काम लाकडावर करतात तसं. एक बोटभर जागा मोकळी सोडलेली नाही.

मी जिथला आहे तिथे रावण कैलास हलवताना लहानपणापासून पाहिलाय. कैलास लेण्यात तो खाली अंधारात आहे, वीस हात पसरून, पाठ आपल्याकडे वळवलेली वाटावी इतका आत. वर पार्वती घाबरून शंकराचा दंड धरते आणि दासी पळत सुटलीय. सगळा जोर खालून वर येतो. बांते स्रायला दक्षिणेकडच्या 'ग्रंथालयाच्या' दारावरच्या त्रिकोणी कपाळपट्टीत तोच प्रसंग आहे. पण कैलास म्हणजे पायऱ्यापायऱ्यांचा डोंगर, त्यांच्या देवळासारखा. पायरीगणिक मंडळी बसवली आहेत. ऋषी, पशुमुखी गण, सगळ्यात खाली हत्ती-सिंह पळतायत. उमा शंकराच्या मांडीवर. रावणाची तोंडं एकावर एक रचलेली, उतरंडीसारखी. आमच्या रावणात ताकद आहे, त्यांच्यात गंमत. मी अर्धा तास तिथून हललो नाही, तर गाइडला वाटलं मला उन्हाचा त्रास झाला.

शेजारच्या ग्रंथालयावर खांडववन आहे. इंद्र वरून पाऊस पाडतोय, खाली अर्जुनाने बाणांचं छत धरलंय. पावसाच्या रेघा तिरप्या कोरल्यात!

१९२३मध्ये आंद्रे माल्रो या फ्रेंच लेखकाने इथल्या देवता कापून नेल्या आणि पकडला गेला. पुढे तोच फ्रान्सचा सांस्कृतिक मंत्री झाला. असो.

सिएम रीपहून तास-सव्वा तास लागतो. एकच दिवस असेल तर सकाळी अंगकोर वाट, दुपारी बांते स्राय, आणि बाकीचं पुढच्या जन्मी.

---

भगवी पताका ०७

सगळी देवळं आपलीच होती. नंतर बौद्धांनी बळकावली. हे कोणी लिहीत नाही.

---

पाटीवरचा खडू

इतकं सरळ नाही. अंगकोर थोम नगरी, बायोन, ता प्रोम बांधणारा सातवा जयवर्मा (राज्यारोहण ११८१) स्वतः महायान बौद्ध होता. म्हणजे ती मुळातच बौद्ध देवळं. त्याच्यानंतर आठव्या जयवर्म्याच्या काळात त्यांतल्या बुद्धमूर्ती छिन्नीने खरवडल्या गेल्या, काहींची शिवलिंगं किंवा ऋषी केले. ता प्रोमच्या कोनाड्यांत त्या रिकाम्या जागा आजही दिसतात. अंगकोर वाट विष्णूचं होतं, ते पुढे बौद्धांचं झालं, आणि भिक्खू तिथे राहिले म्हणून ते पूर्ण जंगलाच्या घशात गेलं नाही. आजही तिथल्या आठ हातांच्या विष्णूला भगवं वस्त्र नेसवून लोक उदबत्त्या लावतात. त्याला 'ता रीच' म्हणतात.

---

भगवी पताका ०७

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

---

आकडेमोड

शिलालेखांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. तिथले कोरीव लेख संस्कृत आणि जुन्या ख्मेर भाषेत आहेत आणि वर्षं शकात आहेत. आपल्या कालनिर्णयात छापतात तोच शक! दुसऱ्या जयवर्म्याने महेंद्रपर्वतावर (आजचं कुलेन) स्वतःला चक्रवर्ती म्हणवून घेतलं ते शके ७२४, म्हणजे ८०२. बांते स्राय शके ८८९. ७८ मिळवा की झालं.

याहून भारी, मेकाँगकाठच्या एका लेखात शके ६०५ हा आकडा मधे टिंब देऊन लिहिलाय. हे टिंब म्हणजे शून्य. तारीख ठाऊक असलेल्या सर्वात जुन्या शून्यांत त्याची गणना होते.

ता प्रोमचा लेख म्हणजे तर देवस्थान इनामाची फर्दच. देवळाच्या सेवेला ३,१४० गावं, ७९,३६५ माणसं. नर्तकी ६१५. शिवाय राज्यभरातल्या १०२ रुग्णालयांचा उल्लेख. गाइड झाडाजवळ फोटो काढायला उभं करतात तेव्हा हे डोक्यात असलं की तो पडका चौक एकदम गजबजतो.

---

लमाण रस्ता

झाडांवरून आठवलं. ता प्रोमची ती पांढऱ्या खोडाची अजस्र झाडं (टेट्रामेलेस) आपल्या सह्याद्रीतही आहेत. कोकणात उतरताना घाटाच्या पोटात असा उंच पांढरा बुंधा दिसतो, खाली फळ्यांसारखी मुळं. फक्त आपल्याकडे त्याखाली देऊळ नसतं म्हणून कोणी रांग लावत नाही.

तिथलं जतनाचं काम २००३-०४ पासून आपलं भारतीय पुरातत्त्व खातं करतंय. झाड पाडायचं नाही आणि भिंतही पडू द्यायची नाही, असा पेच. अंगकोर वाटलाही १९८६ ते ९३ आपलीच माणसं होती, तिकडे यादवी चालू असताना. दगडाची साफसफाई जास्तच कडक केली अशी टीका झाली तेव्हा. पण त्या दिवसांत दुसरं फारसं कोणी जायला तयार नव्हतं हेही खरं.

---

अबोली

बँकॉकहून बसने जाता येतं ना? आम्ही जानेवारीत थायलंड करतोय, जोडून करावं म्हणतोय.

---

गोदाकाठ

@अबोली, नको. जुलै २०२५मध्ये दोन्ही देशांत सीमेवर चकमकी झाल्या आणि रस्त्याच्या चौक्या बंद झाल्या. विमानानेच जा आणि निघण्याआधी बातम्या बघा. सिएम रीपचा नवा विमानतळ (ऑक्टोबर २०२३पासून) गावापासून चाळीस-पन्नास किलोमीटर आहे, तेही हिशेबात धरा.

@वेरूळकर, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, तिथे जाण्यापेक्षा यांच्याबरोबर वेरूळला जाऊ.

---

निशिगंध

धागा वर काढतेय. गोदाकाठ, गाइडबद्दल अजून लिहा ना. पितृपक्ष शीर्षकात टाकलात आणि जानव्यावर सोडून दिलंत.

---

गोदाकाठ

लिहितो. लेखात टाकलं नव्हतं कारण लांबत होतं. आणि कसं लिहावं ते कळत नव्हतं.

यमाच्या भिंतीसमोर आईने त्याला सांगितलं की आमच्याकडे सध्या पितरांचे दिवस आहेत. तो म्हणाला, "आमच्याकडेही." मला वाटलं हा पर्यटकांना बरं वाटावं म्हणून बोलतोय. तर नाही. त्यांचा पंधरवडा अगदी हाच. 'फोत्रबोत' महिन्याचा वद्य पक्ष. भाद्रपदच तो. (चेत, पिसाक, चेस, आसाठ असे त्यांचे महिने. आई एकेक ऐकून पुढचा आपणच सांगत होती.) सणाचं नाव फ्चुम बेन. बेन म्हणजे पिंड. शेवटी अमावास्येच्या सुमारास तीन दिवस सुट्टी असते, सगळा देश गावी जातो.

मग त्याने विचारलं, तुम्ही कोणत्या दिवशी करता? आईने सांगितलं, माणूस ज्या तिथीला गेला त्या तिथीला. तो जरा वेळ गप्प राहिला. म्हणाला, "माझ्या आजोबांची तिथी आम्हाला माहीत नाही." ख्मेर रूज या कम्युनिस्ट राजवटीच्या काळात, १९७५ ते ७९, त्यांना गावातून नेलं. कुठे, कधी, कोणीच सांगितलं नाही. आजी शेवटपर्यंत तिथीशिवाय राहिली. त्या चार वर्षांत पंधरा ते वीस लाख माणसं गेली तिथे, त्यांतल्या कितीकांचं असंच.

आई म्हणाली, "त्यांच्यासाठी सर्वपित्री असते." मी इंग्रजीत सांगितलं. ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांची अमावास्या. त्याने तो शब्द दोनदा म्हणवून घेतला आणि मोबाइलमध्ये ख्मेर अक्षरांत लिहून ठेवला.

दुसऱ्या दिवशी आमचं विमान दुपारचं होतं. त्याने आपणहून विचारलं, पहाटे पॅगोड्यात येता का? पैशाचा विषय नाही. चारला अंधारात गेलो. म्हाताऱ्या बायका जास्त, पांढरे सदरे, हातात ताटं. ताटात चिकट भाताचे गोळे, लिंबाएवढे, तीळ घालून वळलेले. तीळ बघून आईने माझ्याकडे पाहिलं. गोळे अंधारातच टाकायचे, कारण ज्यांच्यासाठी ते आहेत त्या प्रेतात्म्यांना उजेड सोसत नाही आणि त्यांची तोंडं सुईच्या नाकाएवढी. त्यांना सात पॅगोडे फिरून कुठेच काही मिळालं नाही तर घरच्यांना शाप लागतो म्हणे. लोक देवळाभोवती फिरत गोळे अंधारात भिरकावत होते. कोणी काही बोलत नव्हतं, फक्त टपटप आवाज.

गाइडच्या बायकोने आईच्या हातात एक गोळा दिला. आई मला हळूच म्हणाली, "पिंड फेकायचा नसतो रे. ठेवायचा असतो." आणि गुडघ्याला हात देत वाकली, भिंतीच्या कडेला मातीवर ठेवला. गाइडने ते पाहिलं. त्याच्या हातातला शेवटचा गोळा त्यानेही तिच्या गोळ्याशेजारी ठेवला.

उजाडेपर्यंत आई तिथून हलायला तयार नव्हती, कावळ्यासाठी. कावळा काही आला नाही. देवळातली एक तांबडी कोंबडी आली, दोन्ही गोळ्यांना चोच मारली आणि निघून गेली. गाइडने आईला विचारलं, चालतं का? आईने थोडा विचार केला आणि म्हणाली, चालतं.